एव्हराल्डचं खोकं

२ मार्च १९७४, शनिवार

काल एव्हराल्डची नववी रात्र, त्याला निरोप द्यायचा जागर, पार पडली. अंगणात एवढी माणसं जमली, की जिवंतपणी त्याच्या एकाही कार्यक्रमाला एवढी आली नव्हती. हे मी क्लोव्हिसला म्हटलं, तर तो म्हणाला, "त्याचं कारण सोपं आहे, आयोनी. तेव्हा तळलेले मासे फुकट नव्हते." आणि मग तोंड फिरवून रडला. आम्ही तिघं गायचो. माझा भाऊ एव्हराल्ड मधे, मी डावीकडे, क्लोव्हिस उजवीकडे. आता मधे कुणी नाही.

मंडपाखाली आईनं एव्हराल्डचं ताट वेगळं मांडलं होतं. भात, मासा, उकडलेली केळी, सगळं अळणी. मेलेला माणूस मिठाला शिवत नाही म्हणे. मीठ पोटात गेलं की तो जड होतो, मग त्याला उडून जाता येत नाही. हेलशायरच्या समुद्रानं त्याला पोटभर मीठ पाजूनच मारलं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. 

आज सकाळी आईनं त्याची खोली फिरवली. पलंग खिडकीखालून काढून दारामागे, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला, गादी उलटी, आरसा दुसरीकडे. तो परत आलाच, तर त्याला खोली ओळखू येऊ नये. दुसऱ्याचं घर समजून त्यानं पुढे जावं.

"पोटच्या पोराला चकवतेस?" मी म्हणाले.

"चकवत नाही. वाटेला लावते," आई म्हणाली. "इथे राहिला तर त्याचेही हाल आणि आपलेही."

ती खोली आता मला मिळाली आहे. रात्री उठले की सवयीनं कपाटावर आपटते.

५ मार्च, मंगळवार

मिस्टर टलक यांच्या स्टुडिओत जाऊन आले. स्टुडिओ म्हणजे ऑरेंज स्ट्रीटमागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेत. मधल्या माइकपाशी एव्हराल्डचं खोकं तसंच पालथं पडलं होतं. सोड्याच्या बाटल्यांचं लाकडी खोकं. त्याची उंची बेताची, आणि माइक खाली घेणं साहेबांच्या इभ्रतीला सोसायचं नाही, म्हणून तो खोक्यावर चढून गायचा. गाण्याआधी डाव्या टाचेनं त्यावर चार ठोके द्यायचा. मिस्टर टलक दर वेळी ते ठोके टेपवरून कापायचे आणि दर वेळी त्याला शिव्या घालायचे.

"खोकं उचलू का, पोरी?" त्यांनी विचारलं.

"हात लावू नका. काहीच हलवू नका."

"तुझी आई निरोप पाठवते आहे. म्हणते, स्टुडिओही फिरवायला हवा."

"स्टुडिओ काय घर आहे?"

"तो घरी झोपायला जायचा," मिस्टर टलक म्हणाले. "राहायचा इथेच."

नऊ गाणी तयार आहेत. दहावं, 'फाटक', एका कडव्यावर अडलंय. फाटकाला कडी घालू नका, मी मागून येतोय, असं पहिलं कडवं. दुसरं तो समुद्रावरून आल्यावर करणार होता. पुढच्या महिन्यात लंडनच्या कंपनीचा माणूस येणार आहे. दहा गाणी असली तरच लाँग-प्ले रेकॉर्ड निघेल, नाहीतर सगळं मुसळ केरात.

एव्हराल्डला तोच एक ध्यास होता. तिकडच्या लांब केसांच्या, गिटारवेड्या गोऱ्या पोरांनी आपल्याला ऐकावं. "ती नाचत नाहीत, आयोनी," तो म्हणायचा. "खाली बसतात आणि अख्खी बाजू ऐकतात. विचार कर ना, कुणीतरी आपल्याला बसून ऐकतंय!"

११ मार्च, सोमवार

आईशी कडाक्याचं भांडण.

ती चर्चची टोपी घालून, दोन मैत्रिणींना घेऊन स्टुडिओवर चालून गेली. मी शिवणाच्या दुकानातून धावत पोचले, तोवर पियानोचं तोंड भिंतीकडे झालेलं, माइक या टोकाचे त्या टोकाला. मिस्टर टलक कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे. मिस इसिल्डाला, म्हणजे माझ्या आईला, अडवणारा माणूस किंगस्टनमध्ये अजून जन्मायचा आहे.

मी खोकं उचललं आणि घरी आणलं. पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं.

आई खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "तू त्याला खूण दिलीस," ती म्हणाली.

"सोड्याचं खोकं आहे, आई."

"मी सगळी खोली फिरवली. आणि तू मधोमध त्याची पायरी आणून ठेवलीस."

तिला ते जाळायचं होतं. मी म्हणाले, आधी मला जाळ. फार बोलले. पण मला तो जायला नकोच आहे. हे इथे लिहिते, तिला कधी सांगणार नाही.

१९ मार्च, मंगळवार

'फाटक' पूर्ण झालं!

खोकं परत स्टुडिओत नेलं, त्याच्या जागी ठेवलं, त्यावर उभी राहिले. वाद्यं आधीच टेपवर होती, फक्त आवाज भरायचा होता. ठरलं असं, की मी पहिलंच कडवं दुसऱ्यांदा गायचं आणि वेळ मारून न्यायची. मिस्टर टलक काचेपलीकडून ओरडले, "ए, ठोके नकोत!" मी दिलेच नव्हते. तसं सांगितलं, तर ते नुसते बघत राहिले.

मग मी तोंड उघडलं आणि दुसरं कडवं आलं. दिवा विझवलात तरी वाट पाठ आहे, पाय ओले आहेत पण आवाज करणार नाही. अगदी सहज, कुणी पुढे वाढून ठेवावं तसं.

क्लोव्हिस त्याचा सूर धरायचाच विसरला. गाणं संपल्यावर म्हणाला, "हे शब्द कुठून आणलेस?"

"एव्हराल्ड गुणगुणत असणार कधीतरी."

"माझ्यासमोर कधीच नाही. आणि बाई, तो दाढी करायचा तेव्हासुद्धा मी शेजारी असायचो."

"मग मला सुचलं असेल. मला काही सुचू नये असा कायदा आहे का?"

त्यावर तो हसला नाही. टोपी विसरून घरी गेला. मला तर कितीतरी दिवसांनी बरं वाटतंय. छातीत ऊब आहे. खोकं घरी आणून पुन्हा जागेवर ठेवलं.

२४ मार्च, रविवार

काही विशेष नाही. डाव्या चपलेची टाच झिजून भोक पडलंय, उजवी नवी कोरी आहे. हल्ली चपला काय करतात कोण जाणे.

डब्याचं घट्ट दूध फार लवकर संपतं. आई म्हणते मीच चहात अर्धा डबा ओतते. मला गोड चहा कधीच आवडला नाही, तो एव्हराल्डचा प्रकार. पण खरं सांगायचं तर हल्ली बरा लागतो. उलट आईचा मिठाला हात सैल सुटलाय. परवाचा रस्सा तोंडात धरवेना.

३ एप्रिल, बुधवार

लंडनचा माणूस आला. फेल्प्स नाव. नाक उन्हानं सोललेलं, अंगात जाड कॉर्डुरॉयचं जाकीट, या उकाड्यात! क्लोव्हिस म्हणाला, "आपण घाम गाळून गातो, हे गाळून ऐकतात."

पण माणूस वाईट नाही. डोळे मिटून सगळी गाणी ऐकली. 'फाटक' संपल्यावर म्हणाला, "तुमच्या भावाचा आवाज! आणि दुसऱ्या कडव्यात तर काटाच येतो."

मी हसले. "दुसरं कडवं मी गायलेय, साहेब."

त्यानं नुसती मान डोलावली. घरात कुणी गेलं की लोक आपल्याकडे जसं बघतात, तसं बघून. मिस्टर टलक यांनीही त्याला काही सांगितलं नाही, याचा मला राग आला.

मग फेल्प्सला नुसती वाद्यं ऐकायची होती. मिस्टर टलक यांनी यंत्रावरच्या गाणाऱ्या आवाजांच्या दोन्ही पट्ट्या तळापर्यंत खाली ओढल्या, म्हणजे आमचं गाणं बंद. तरी दुसऱ्या कडव्यात लांबून गाणं येतच होतं. मिस्टर टलक म्हणाले, ढोलाच्या माइकमध्ये आवाज झिरपला असेल, होतं असं कधीकधी.

होत असेल. फक्त मी गायले त्या दिवशी खोलीत ढोल नव्हता. तो महिनाभर आधीच टेपवर चढलेला. हे मला घरी आल्यावर सुचलं.

१४ एप्रिल, ईस्टर

चर्चला गेले नाही. घसा बसलाय. गाताना काही त्रास नाही, फक्त बोलताना आवाज खाली उतरतो.

आईनं ईस्टरचा मसाल्याचा पाव आणि चीज पुढे ठेवलं. पाव खाल्ला, चीज खारट म्हणून सोडलं. मग तिनं आकीच्या फळाची भाजी आणि खारवलेला मासा आणला आणि समोर खुर्ची ओढून बसली. "खा."

"भूक नाही."

"एक घास. माझ्यासाठी."

घास तोंडात घेतला आणि अंगणात जाऊन ओकले. परत आले तर आई टेबलावर डोकं टेकून बसली होती. एवढं रडण्यासारखं काय होतं? मासा नीट भिजवला नव्हता, बस. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इसिल्डा राणी, पुढच्या वेळी पाणी दोनदा बदल."

ती ताडकन उठून मागे सरली. एव्हराल्ड तिला चिडवायला तसं म्हणायचा, हे मला नंतर आठवलं. आठवण म्हणून म्हटलं असेन मी. आईचं आजकाल काहीच कळत नाही. माझे झगे सैल झालेत म्हणून मागून टाचणीनं घट्ट करते आणि टाचण्या बघून तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटते.

१६ एप्रिल, मंगळवार

फेल्प्सनं आज बेत सांगितला. टेप लंडनला नेणार. तिथला एक रॉक गिटारवाला वरून वाजवणार, ऑर्गन येणार. खर्जातली गिटार, जी पोटात घुमते, ती खाली घेणार. टेप किंचित वेगानं फिरवणार. गाणं आता संपतं तिथून सुरू करणार, दुसरं कडवं आधी, पहिलं नंतर.

"तिकडच्या पोरांच्या कानाला ओळखीचं काहीतरी लागतं," तो म्हणाला. "एकदा आत आली की मग राहतील."

"आणि एव्हराल्ड?"

"त्याचा आवाज आहे तसाच राहील. फक्त भोवतालचं सामान हलेल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, एक सूर जागचा हलवायचा नाही. न्यायचं तर आहे तसं न्या, नाहीतर रिकाम्या हातानं जा. माझा आवाज इतका चढला, की बाहेर दुकानात रेडिओ न्यायला आलेला माणूस दारात येऊन उभा राहिला.

फेल्प्स म्हणाला, आहे तसं नेलं तर तिकडे आपल्याच बेटाची माणसं घेतील, तीही चोखंदळ असतील ती. रॉकच्या दुकानात ते कुणी ठेवणार नाही. ते खरं असेलही. एव्हराल्ड तर नक्की हो म्हणाला असता, त्यानं गिटारवाल्याला स्वतः चहा करून पाजला असता. पण आतून कुणीतरी घट्ट धरून ठेवलं होतं, मला हो म्हणताच येईना. क्लोव्हिस पाया पडायचा बाकी होता. घरी येऊन दार लावलं आणि खोक्यावर बसले. आईला दारातून सगळं ओरडून सांगितलं, कसा तो फेल्प्स आपली सगळी गाणी उलटीपालटी करणार आहे ते. तिनं फक्त दोनदा विचारलं, "सगळंच हलवणार? पुढचं मागे?"

१७ एप्रिल, बुधवार

आईनं माझा गळा कापला.

क्लोव्हिसनं येऊन सांगितलं. ती सकाळी हॉटेलवर गेली, तीच चर्चची टोपी. एव्हराल्डची वारस तीच, त्यामुळे तिनं सही केली की झालं. फेल्प्सला म्हणाली, "साहेब, एकही वस्तू जागेवर ठेवू नका. दार असेल तिथे भिंत करा. भिंत असेल तिथे खिडकी. माझ्या पोराला स्वतःचं गाणं ओळखू येता कामा नये."

फेल्प्स थक्क. क्लोव्हिसला म्हणाला, म्हातारीला संगीतातलं केवढं कळतं!

"आणि ते ठोके," आई म्हणाली. "ते चार ठोके कुठे राहिले असतील तर आधी काढा."

संध्याकाळच्या विमानानं टेप गेली. मी आईला विचारलं, ज्या गाण्यांना तू आयुष्यभर सैतानाचा गोंगाट म्हणालीस, ती विकायला बरी गेलीस? ती भांडी घासत होती. म्हणाली, "मला दोन मुलं होती."

हे काय उत्तर झालं?

२० मे, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. शिवणकाम सुटलं, डावा हात पुढे येतो आणि टीप वाकडी जाते. एव्हराल्ड डावखुरा होता, मी नाही. अशक्तपणा असेल. डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे.

शेजारचं कुत्रं माझ्यावर भुंकत नाही. मला बघितलं की जमिनीला पोट लावतं. क्लोव्हिस येतो, पण अंगणात उभा राहूनच बोलतो. काल म्हणाला, "आयोनी, एक गोष्ट विचारू? रागावू नकोस. आत्ता तूच बोलतेयस ना?" मी त्याला चप्पल फेकून मारली. डावी.

सकाळी उशी ओली असते. घाम म्हणावा तर वास समुद्राचा येतो.

पण एकटं वाटत नाही, हे मात्र खरं. खोक्यावर बसलं की पायाखालून चार ठोके येतात आणि जिवाला बरं वाटतं. आई रोज ताटात खारा मासा वाढते, मी रोज तो बाजूला सारते. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. तीही खंगत चाललीय.

२७ जुलै, शनिवार

रेकॉर्ड आली.

फेल्प्सनं पत्र जोडलंय. लंडनमध्ये तोंडोतोंडी झालंय म्हणे, कॉलेजांतून वाजतंय, वसतिगृहांत पोरं जमिनीवर बसून अख्खी बाजू ऐकतात. पुढच्या वर्षी आम्ही तिकडे यावं, मधली जागा मी घ्यावी. पत्राच्या शेवटी लिहिलंय: माफ करा, दुसरं कडवं तुमचंच आहे. किंगस्टनमध्ये माझ्या कानांना काय झालं होतं, कळत नाही.

दुपारी मिस्टर टलक आपला ग्रामोफोन घेऊन घरी आले. क्लोव्हिस चक्क आत येऊन बसला. आईनं दार आणि खिडक्या सताड उघडल्या, रस्त्यावर ऐकू जाईल एवढा आवाज करा म्हणाली. मी खोक्यावर बसले, टाच टेकवून, ठोक्यांची वाट बघत.

ठोके नव्हते. आधी एक गिटार आली, लांब, रडवी, असली गिटार आमच्या गल्लीत कधी कुणी वाजवलेली नाही. मग ऑर्गन. मग एक बाई गायला लागली. चांगली गात होती, तरुण, मोकळा गळा. मी क्लोव्हिसला विचारलं, ही कोण?

"वेडी का तू?" क्लोव्हिस म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ही तू आहेस."

तेवढ्यात माझा डावा पाय गार पडला. दारातून वारा बाहेर गेला, आत नव्हे, बाहेर. आणि अंगणापलीकडे पत्र्याचं फाटक हललं. सगळ्यांनी बघितलं. आई उभी राहिली. कुणी वाटसरू दुसऱ्याच्या घरचं गाणं ऐकायला थांबतो, तसं कुणीतरी फाटकाबाहेर थांबलं होतं. दिसलं काहीच नाही. एव्हराल्डचं कडवं लागलं, त्याचाच आवाज, गिटारच्या मागे, जरा घाईत. ते त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मला ओरडायचं होतं, अरे, हे तुझंच आहे, ये ना आत! तोंड उघडलं, पण बोलताना आवाज माझा निघाला, बारीक, माझा स्वतःचा, आणि मी दचकून थांबले.

मग डाव्या टाचेचे ठोके ऐकू आले. चार. मग आणखी, रस्त्यानं खाली जाताना. तो वळला नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं घर आहे.

आईनं जाऊन फाटकाला कडी घातली.

तिनं काय केलं ते मला सगळं कळलं, असं म्हणणार नाही. तिला माफ केलं, असंही नाही. त्याला आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं, आणि ते त्याचं आहे हे त्याला कळलंही नाही. मी खूप रडले, मोठ्यानं, मिस्टर टलक समोर असताना. मला माझा भाऊ परत हवा आहे.

आईनं तोवर ताट आणून ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. आकी आणि खारा मासा. मी रडत रडतच एक घास घेतला. मीठ अगदी बेताचं होतं. मी ताट पुसून खाल्लं आणि आईला म्हणाले, अजून वाढ.